हिरव्या उजेडातून तापमान कसं वाचायचं: ९८० च्या लेझरवर चालणारा थर्मामीटर, आणि त्याच पावडरीतून रोग ओळखणारी पट्टी

खोलीत अंधार करायचा, क्युव्हेटमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या चौकोनी नळीत, एक खास पांढरी पावडर मिसळलेलं थोडं दुधाळ पाणी घ्यायचं आणि बाजूने ९८० नॅनोमीटरचा लेझर सोडायचा. हा लेझर डोळ्याला दिसत नाही, पण पाण्यात सुईने ओढल्यासारखी एक बारीक हिरवी रेघ उमटते. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण आधी लेझरकडे बघतो, मग रेघेकडे, आणि विचारतो हा हिरवा रंग आला कुठून. सांगायची गोष्ट ही की या रेघेत तापमान लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे. एमएस्सी प्रोजेक्टसाठी किंवा नव्याने पीएचडीला लागलेल्या मुलांसाठी मराठीत हे कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून जेवढं हाताने केलंय तेवढं इथे लिहितोय.

हा रंग येतो नॉनलिनियर ऑप्टिक्समधून, म्हणजे पदार्थातून जाताना प्रकाशाचा रंगच बदलतो त्या शास्त्रातून. नॉनलिनियर ऑप्टिक्स म्हटलं की बहुतेकांना क्रिस्टल आठवतात, केटीपी, बीबीओ, लिथियम नायोबेट वगैरे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये १०६४ चा प्रकाश केटीपीतून जाऊन ५३२ चा हिरवा होतो, म्हणजे हे शास्त्र आपल्या खिशात कधीचंच आलंय. याची सुरुवात १९६१ ची, मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि पलीकडे ३४७.२ चा मिळवला, बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा. पण आपण जे वापरणार आहोत ते अपकन्व्हर्जन, म्हणजे कमी ऊर्जेचे दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळून जास्त ऊर्जेचा एक. ते फ्रान्समध्ये ओझेल यांनी १९६६ मध्ये दाखवलं आणि त्यात एक फरक आहे. क्रिस्टलमधल्या तरंगलांबी अर्धी करण्याच्या कामाला दोन्ही फोटॉन एकाच क्षणी लागतात, त्यामुळे तिथे जोरदार लेझर लागतो. अपकन्व्हर्जनमध्ये पहिला फोटॉन आला की अणू मधल्या एका खऱ्या पातळीवर जाऊन बसतो, तिथे बराच वेळ टिकतो आणि मग दुसरा फोटॉन येऊन त्याला वर ढकलतो. म्हणून साध्या सतत चालणाऱ्या डायोड लेझरवर काम भागतं आणि म्हणूनच हे कॉलेजच्या लॅबमध्येही करता येतं.

पावडर नक्की काय असते

सोडियम यिट्रियम फ्लोराइड नावाचा पांढरा पदार्थ, त्यात यिट्रियमच्या काही जागांवर यीटर्बियम आणि एर्बियम बसवलेलं. नेहमीचं प्रमाण म्हणजे ७८ टक्के यिट्रियम, २० टक्के यीटर्बियम, २ टक्के एर्बियम. यीटर्बियम ९८० चा प्रकाश गिळतं आणि ऊर्जा शेजारच्या एर्बियमला देतं, असं दोनदा झालं की एर्बियम हिरवा प्रकाश सोडतं. (यिट्रियम, यीटर्बियम, एर्बियम, आणि चौथं टर्बियम, चौघांचीही नावं स्वीडनमधल्या इटरबी या एकाच छोट्या गावावरून पडलीत, तिथल्या खाणीतल्या दगडामुळे. एका गावाच्या नावावर चार मूलद्रव्यं, मला हे अजूनही भारी वाटतं.)

हिरव्यात दोन पट्टे असतात, एक ५२५ च्या आसपास आणि एक ५४५ च्या आसपास. तिसरा लाल ६५५ च्या जवळ असतो, त्याला सध्या बाजूला ठेवू. ५४५ वाला खालच्या मजल्यावरून येतो आणि ५२५ वाला त्याच्या पोटमाळ्यावरून, म्हणजे दोन पातळ्यांमध्ये थोडंसंच अंतर आहे, साधारण ७०० ते ८०० वेव्हनंबर (ऊर्जा मोजायचं एकक, प्रति सेंटिमीटर). तापमान वाढलं की उष्णतेच्या धक्क्याने खालच्या मजल्यावरचे जास्त जण पोटमाळ्यावर चढतात, त्यामुळे ५२५ चा पट्टा ५४५ च्या तुलनेत मोठा होतो. ५२५ ला ५४५ ने भागायचं आणि येणारा रेशो म्हणजे आपला थर्मामीटर.

नुसती ब्राइटनेस का नाही मोजायची असं सगळे विचारतात. कारण ब्राइटनेस लेझर थोडा हलला तरी बदलते, पावडर खाली बसली तरी बदलते, क्युव्हेटवर बोटाचा ठसा असला तरी बदलते. रेशोत हे सगळं वर-खाली सारखंच कापलं जातं. निदान तसं व्हायला पाहिजे, कुठे होत नाही ते पुढे येतंच आहे आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्या "कुठे होत नाही" साठीच लिहिलाय.

डोळे आधी

९८० दिसत नाही म्हणजे डोळा मिटत नाही, पापणी वाचवत नाही, आणि प्रकाश सरळ रेटिनावर फोकस होतो. अर्ध्या वॉटपर्यंतचा लेझर थ्री बी वर्गात येतो, त्याच्या वर क्लास फोर. गॉगलवर ९८० साठी ओडी (प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) ५ किंवा जास्त असं छापलेलं पाहिजे, हिरव्या लेझरचा गॉगल इथे काहीच कामाचा नाही, आणि कपाटात दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात म्हणून दर वेळी आकडा वाचून मगच घालायचा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बीम टेबलाच्या उंचीला आडवा ठेवा, बसल्यावर डोळ्याच्या उंचीला येईल असा कधीच नको. बीम कुठे जातोय ते बघायला आयआर कार्ड (न दिसणारा लेझर पडला की चमकणारं कार्ड) वापरा, हात नाही. क्युव्हेटच्या पलीकडे बीम अडवायला काळा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक लावा, कारण सगळा प्रकाश पावडर गिळत नाही, बराचसा आरपार जातो.

पावडर विकत घ्यायची की बनवायची

पहिल्या सहा महिन्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे, विकत घ्या किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून चिमूटभर मागा. आधी मोजायला शिका, बनवायचं नंतर. बनवायचीच असेल तर हायड्रोथर्मल पद्धत सोपी, टेफ्लॉनच्या भांड्याचा ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं), १८० ते २०० अंश, रात्रभर. यात एका गोष्टीला घाबरलंच पाहिजे, ती म्हणजे फ्लोराइड. अमोनियम फ्लोराइडला अ‍ॅसिड लागलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. ते काच खातं आणि कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही पण आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल शेल्फवर हजर नसेल तर ते काम त्या दिवशी करू नका.

तयार पावडरचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना तपासणं) काढून घ्या. याचे दोन प्रकार असतात, क्युबिक आणि हेक्झागोनल, आपल्याला हेक्झागोनल हवा, तो कितीतरी जास्त उजळ असतो. आणि साइझबद्दल आधीच मनाची तयारी ठेवा. मोठ्या दाण्याच्या पावडरमध्ये क्वांटम यील्ड, म्हणजे गिळलेल्या फोटॉनच्या तुलनेत बाहेर पडणारे फोटॉन, साधारण ३ टक्के मिळतं, १०० नॅनोमीटरच्या कणात ०.३ टक्के, आणि १० नॅनोमीटरच्या आसपास गेलात की ०.००५ टक्के. छोट्या कणाचं सगळं अंगच बाहेर उघडं पडतं आणि पाण्यातला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ती ऊर्जा खाऊन टाकतो. म्हणून छोटे कण लागणारच असतील तर वरून साध्या, काहीही न मिसळलेल्या सोडियम यिट्रियम फ्लोराइडचं कवच चढवलेले घ्या. सुरुवातीला मात्र मायक्रोनची पावडरच बरी, फक्त ती खाली बसते म्हणून मॅग्नेटिक स्टिरर लागतो.

टेबलावरची मांडणी

फायबरवाला ९८० चा डायोड लेझर, २०० ते ३०० मिलीवॉट पुरतो. क्युव्हेट होल्डर असा की ज्यातून वॉटर बाथचं पाणी फिरतं, किंवा पेल्टियरवाला (विजेवर गरम-थंड करणारा) मिळाला तर उत्तम. प्रकाश ९० अंशातून गोळा करायचा, समोरून नाही. स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी ८५० चा शॉर्टपास फिल्टर (८५० पेक्षा मोठी तरंगलांबी अडवणारा) लावायचाच, नाहीतर विखुरलेला ९८० आत जाऊन आतल्या आत भटकतो, बेसलाइन वर उचलतो आणि तुमचा रेशो खोटा होतो. लेझर चालू केल्यावर १५-२० मिनिटं थांबा, डायोड गरम होताना त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते.

खरं तापमान मोजायला पीटी १०० (प्लॅटिनमचा तापमान-सेन्सर) किंवा चांगला थर्मिस्टर, पाण्यात बुडवलेला, पण बीमपासून लांब. हे "लांब" मी इतकं ठासून का सांगतोय तर आमच्याकडे एकदा तीन दिवस असेच गेले. थर्मोकपलचं टोक बीमच्या अगदी कडेला होतं, धातूचं टोक स्वतःच लेझर गिळून तापत होतं आणि पाणी ३० वर असताना ते ३४ दाखवत होतं. सगळं कॅलिब्रेशन त्यावर बांधलेलं, सगळं पुन्हा करावं लागलं. आता सवयच लावून घेतलीय, लेझर बंद-चालू करून बघायचं, सेन्सरचा आकडा त्याच क्षणी उडी मारत असेल तर तो पाण्याचं नाही, लेझरचं तापमान सांगतोय.

कॅलिब्रेशन, सावकाश

२० पासून ५० अंशापर्यंत, ३-३ किंवा ५-५ च्या पायरीने. प्रत्येक पायरीवर बाथचा डिस्प्ले स्थिर झाला म्हणजे क्युव्हेटमधलं पाणी स्थिर झालं असं समजू नका, आतला सेन्सर पाच मिनिटं हलला नाही पाहिजे. प्रत्येक ठिकाणी आधी लेझर बंद करून डार्क (उजेड नसतानाचा स्पेक्ट्रम) घ्यायचा, मग दहा स्पेक्ट्रम. वर जाताना घ्या आणि तसंच खाली येतानाही घ्या, दोन्ही रेषा एकावर एक बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर एकतर तुम्ही घाई केलीत किंवा पावडर खाली बसतेय किंवा पाणी उडतंय.

मग डार्क वजा करून ५१० ते ५३३ चं क्षेत्रफळ एक, ५३३ ते ५७० चं दुसरं. दोन पट्टे मध्ये थोडे एकमेकांत घुसलेले असतात, त्यामुळे सीमा ५३३ धरा की ५३४ धरा यावर फार वाद घालू नका, पण एकदा धरली की शेवटपर्यंत तीच ठेवा. पीकची नुसती उंची घेऊ नका, क्षेत्रफळच घ्या. मग एक्सेलमध्ये रेशोचा नॅचरल लॉग उभ्या अक्षावर आणि एक भागिले तापमान आडव्या अक्षावर, तापमान केल्विनमध्ये, म्हणजे २७३.१५ मिळवलेलं. हे मिळवायचं विसरून सेल्सिअसच टाकणारे दरवर्षी एक-दोन जण असतातच आणि मग रेषा का वाकते म्हणून रात्र जागवतात. बरोबर केलं तर सरळ रेषा येते, स्लोप उणे १००० ते उणे ११५० च्या मध्ये कुठेतरी. हा स्लोप म्हणजे मजला आणि पोटमाळा यातलं अंतर, त्याला ०.६९५ ने गुणलं की ते वेव्हनंबरमध्ये मिळतं. ७०० ते ८०० च्या फार बाहेर गेलं तर पुढे जाऊ नका, मागे काहीतरी चुकलंय.

एक उदाहरण धरून चालू. समजा स्लोप उणे १०५० आला आणि २५ अंशाला रेशो ०.३०० आहे. मग ३७ अंशाला तो ०.३४४ होतो आणि ४५ ला ०.३७४. म्हणजे शरीराच्या तापमानाजवळ दर अंशाला रेशो साधारण १.१ टक्का बदलतो. ऐकायला कमी वाटतं, आहेच कमी. तुमच्या रेशोत अर्ध्या टक्क्याची थरथर असेल तर तापमानात जवळपास अर्ध्या अंशाची अनिश्चितता आली. ताप आहे की नाही ते कळेल, पेशीत ०.१ अंशाचा फरक झाला का ते नाही कळणार. ०.१ अंश हवा असेल तर रेशो ०.११ टक्क्यापर्यंत पक्का पाहिजे, आणि फोटॉन मोजण्याच्या हिशोबाने त्यासाठी ५४५ च्या पट्ट्यात ३३ लाखांच्या आसपास फोटॉन गोळा करावे लागतात, ५२५ मध्ये साधारण ११ लाख. हे गणित आधी करा आणि मगच मार्गदर्शकांना किती अचूकता मिळेल ते सांगा, दहा वेळा मोजून सरासरी काढली की झालं असं नसतं.

लेझर स्वतःच तापवतो, आणि इथेच बहुतेक काम फसतं

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. पाणी ९८० गिळतं. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये एक तृतीयांशाहून जास्त लेझर पाण्यातच मुरतो. २०० मिलीवॉट सोडलात तर ७० मिलीवॉटच्या वर उष्णता पाण्यात चाललीय. तीन मिलीलिटर पाणी, आणि बाहेर काही उष्णता जात नाही असं धरलं, तरी दर मिनिटाला साधारण ०.३५ अंश वाढतात, आणि बीमच्या वाटेवर तर त्याहून जास्त. आणि आपले कण नेमके बीमच्याच वाटेवर चमकतात, बाकीचे अंधारात असतात.

एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट करत होती, बाथ ३७ ला लॉक केलेला, सेन्सर ३७.० दाखवतोय आणि कण ३९.५ म्हणतायत. तिला वाटलं कॅलिब्रेशन बिघडलं, दोन दिवस तीच रेषा पुन्हा काढत बसली. मी तिला म्हटलं लेझर अर्धा कर. अर्धा केला, कण ३८.२ म्हणायला लागले. अजून अर्धा केला, ३७.६. ती एकदम शांत झाली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे ते खरंच बोलत होते." हो, कण खरंच बोलत होते, तिथे खरंच तेवढं तापलं होतं. थर्मामीटर चुकत नव्हता, आपणच हातात मेणबत्ती धरून खोलीचं तापमान मोजत होतो.

म्हणून हा टेस्ट प्रत्येक सँपलवर करायचाच: एकाच बाथ तापमानाला चार-पाच वेगवेगळ्या पॉवरवर रेशो घ्या, पॉवरविरुद्ध तापमान काढा आणि रेषा शून्य पॉवरपर्यंत मागे न्या. तिथे जे तापमान मिळतं ते बाथच्या सेन्सरशी जुळलं पाहिजे. जुळलं की मग खऱ्या प्रयोगासाठी अशी पॉवर निवडा जिथे स्वतःचं तापणं तुम्हाला हव्या असलेल्या अचूकतेपेक्षा कमी आहे. याच आकड्यांतून अजून एक गोष्ट फुकट मिळते, पॉवर आणि हिरवा प्रकाश दोघांचा लॉग घेऊन रेषा काढा, स्लोप २ च्या जवळ पाहिजे, म्हणजे दोन फोटॉनवालं काम नीट चाललंय. पॉवर फार चढवली की स्लोप २ पेक्षा खाली येतो, पातळ्या भरून जातात, तिथे काम करू नका.

तापणं कमी करायचे उपाय आहेत. लेझर सतत न ठेवता तुकड्या-तुकड्याने सोडा, काही मिलीसेकंद चालू आणि त्याच्या कितीतरी पट बंद. हिरवा प्रकाश चढायला-उतरायला काही शे मायक्रोसेकंद घेतो त्यामुळे चालू वेळ त्याहून भरपूर मोठा ठेवा. शंका फेडायला एकदा जड पाण्यात, म्हणजे डी टू ओमध्ये करून बघा, ते ९८० फारच कमी गिळतं, आणि तिथे हे जादाचं तापणं जवळपास गायब झालं तर दोषी पाणीच. कायमचा उपाय म्हणजे निओडिमियम घातलेले, ८०८ वर चालणारे कण, कारण ८०८ ला पाणी ९८० च्या तुलनेत साधारण विसाव्या हिश्श्याएवढंच गिळतं.

हे सगळं झाल्यावर एक दिवस ब्लाइंड टेस्ट ठेवा. मित्राला बाथचं तापमान सेट करू द्या, त्याने डिस्प्लेवर कागद चिकटवायचा आणि आकडा चिठ्ठीत लिहून खिशात ठेवायचा. तुम्ही फक्त स्पेक्ट्रमवरून सांगायचं. पाच चिठ्ठ्या झाल्या की तुमची खरी चूक किती हे कळतं आणि ती बहुतेक वेळा एक्सेलने दिलेल्या चुकीपेक्षा मोठी असते, मोठी असेल तर मोठीच लिहा.

पेशी, मांस आणि रक्त

२०१० मध्ये व्हेट्रोन आणि सहकाऱ्यांनी हेच कण जिवंत हीला पेशींच्या (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) आत सोडून २५ पासून ४५ अंशापर्यंत आतलं तापमान वाचून दाखवलं, ४५ ला पेशी मरेपर्यंत. तो पेपर वाचून सगळ्यांना वाटतं की आता उंदरात, मग माणसात. जरा थांबा. पेशींचा एक थर म्हणजे जवळजवळ आरपार काच, मांस तसं नाही.

हे हाताने बघायचं असेल तर चिकन ब्रेस्टचे २, ४ आणि ६ मिलिमीटरचे काप करून क्युव्हेट आणि स्पेक्ट्रोमीटरच्या मध्ये एकेक ठेवत जा. ९८० तसा आत जातो, पण परत येणारा हिरवा इतक्या लवकर मरतो की ६ मिलिमीटरला हातात फार काही उरत नाही. बरं, नुसता कमी झाला असता तर रेशोचं काही बिघडलं नसतं. खरी अडचण रक्ताची. ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ ला जोरात गिळतं, म्हणजे आपल्या ५४५ च्या पट्ट्यावरच घाव घालतं आणि ५२५ ला तुलनेने सोडून देतं. मग रेशो वाढतो आणि थर्मामीटर म्हणतो तापलं. ५४५ वाला ५२५ पेक्षा फक्त ५ टक्के जास्त गिळला गेला तरी साडेचार अंशांची खोटी वाढ दिसते. साडेचार अंश! ट्यूमर लेझरने तापवून मारायचा आणि किती तापला ते याच कणांनी बघायचं असा प्रयोग असेल तर एवढी चूक म्हणजे निरोगी भाग जळणं किंवा रोगट भाग वाचणं, दोन्हीपैकी काहीतरी. म्हणून रक्त असलेल्या ठिकाणी हिरव्या रेशोवर विसंबू नका. तिथे आत जाणारा आणि बाहेर येणारा दोन्ही प्रकाश जवळच्या इन्फ्रारेडमध्ये असलेले कण वापरतात, निओडिमियमचे वगैरे, आणि तिथेही कॅलिब्रेशन त्याच जाडीच्या, त्याच प्रकारच्या ऊतीमागून करावं लागतं, क्युव्हेटमधली रेषा उचलून चालत नाही.

रक्त, लघवी, पेशी, काहीही जिवंत किंवा माणसाचं असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी. स्वतःचं बोट टोचून "फक्त बघू" हेही नाही.

तीच पावडर, आता रोग शोधायला

तापमानात अडचणीचं वाटणारं हे मटेरियल पट्टीवर मात्र फार गुणी ठरतं. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी सगळ्यांना माहितीय, तिथे रेघ बहुतेकदा सोन्याच्या नॅनोकणांमुळे दिसते. त्या कणांच्या जागी अपकन्व्हर्जनचे कण लावायचे. फायदा हा की ९८० खाली पट्टीचा कागद, रक्त, प्रथिनं यातलं काहीही हिरवं चमकत नाही, त्यामुळे मागची पार्श्वभूमी जवळपास काळी असते आणि अगदी फिकट रेघही मोजता येते. नेहमीच्या फ्लुरोसेंट रंगात सगळंच थोडं थोडं चमकतं आणि फिकट रेघ त्यात बुडते. शिवाय हे कण उजेडाने फिके पडत नाहीत, पट्टी फाइलमध्ये ठेवून नंतर पुन्हा वाचता येते.

काम असं. कणांवर ओलेइक अ‍ॅसिड असेल तर ते सौम्य अ‍ॅसिडने काढा, वर पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड चढवा, मग ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी अँटिबॉडी (रोगाचा पदार्थ ओळखून पकडणारं प्रथिन) जोडा, उरलेल्या जागा बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाने भरा. हे कण खूप पातळ करून नुसत्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवू नका, फ्लोराइड हळूहळू विरघळतं. पट्टीवर दोन रेघा, टेस्ट आणि कंट्रोल. मोजताना नुसती टेस्ट रेघ नाही, टेस्ट भागिले कंट्रोल, इथेही शेवटी रेशोच कामाला येतो. आणि पट्टी पूर्ण सुकल्यावरच वाचा, सगळ्या सारख्याच वेळाने, कारण ओल्या पट्टीतलं पाणी पुन्हा तेच करतं, ९८० गिळतं आणि कणांचा उजेडही मारतं.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने याच पद्धतीने शिस्टोसोमा या जंताचा अँटिजेन (जंताचा अँटिबॉडीला ओळखू येणारा पदार्थ) रक्तात आणि लघवीत पकडणारी पट्टी बनवली. जंत कमी असले की सूक्ष्मदर्शकाखाली अंडी सापडत नाहीत, अँटिजेन मात्र सापडतो. आपल्याला हा आफ्रिकेतला रोग वाटतो, पण रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये माणसातल्या शिस्टोसोमाची नोंद केली होती, भारतातली ती सगळ्यात ठळक नोंद. कोकणातल्या कुणाला प्रोजेक्टचा विषय हवा असेल तर तो घराजवळच पडलाय.

शेवटची पायरी लिमिट ऑफ डिटेक्शन, म्हणजे कमीत कमी किती असलं तर पट्टीला खात्रीने कळतं. यात सगळे कंटाळा करतात. ज्यात रोग नाहीच अशा कमीत कमी दहा, जमल्यास वीस कोऱ्या नमुन्यांच्या पट्ट्या चालवा, त्यांची सरासरी काढा, त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनची तिप्पट मिळवा, त्याच्या वर आलं तरच पॉझिटिव्ह. कोरे नमुने बफरचे नकोत, खऱ्या लघवीचे किंवा सीरमचे हवेत, वेगवेगळ्या माणसांचे, कारण बफर नेहमीच शहाण्यासारखा वागतो. आणि प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: तारीख, सुकायला दिलेली मिनिटं, आणि त्या दिवशी लेझर किती मिलीवॉटवर होता. सहा महिन्यांनी दोन बॅचेस जुळत नाहीत तेव्हा पट्टी उलटून आधी तेच बघावं लागतं.